मेक्सिकोची नमुना नाणी आणि कोकणातली दमट हवा

टांकसाळीत नवं नाणं एका दिवसात ठरत नाही. आधी चित्र होतं, मग ठसे कोरले जातात, त्या ठशांनी मोजक्या चकत्या पाडून वरिष्ठांपुढे ठेवतात. पसंती मिळाली तर तेच नाणं लाखांनी पाडलं जातं. नाही मिळाली, तर त्या चकत्या कुणाच्या तरी खणात पडून राहतात आणि पुढे कधीतरी बाजारात येतात. संग्राहक त्यांना पॅटर्न म्हणतात, आपण नमुना नाणी म्हणू. चलनात कधी न आलेल्या या चकत्यांत एखाद्या देशानं आपल्या पैशाबद्दल काय काय ठरवून पाहिलं आणि काय सोडून दिलं, ते जसंच्या तसं उरलेलं असतं. म्हणूनच त्यांची ओढ लागते.

मेक्सिकोत असं ठरवणं आणि सोडणं पुष्कळ झालं. मेक्सिको सिटीची टांकसाळ १५३५ च्या राजाज्ञेनं स्थापन झाली. अमेरिका खंडातली ती सर्वांत जुनी. तिथलं आठ रियालचं (रियाल म्हणजे जुनं स्पॅनिश चलन) चांदीचं नाणं जगभर फिरलं, आणि चिनी व्यापाऱ्याला तर दुसरं काही चालतच नसे. १८६९ मध्ये मेक्सिकोनं त्याच वजनाचा, त्याच कसाचा नवा पेसो काढला. त्यावर तराजू, तलवार आणि कायद्याची गुंडाळी होती. चांदी तीच असूनही चीनमध्ये तो नीट चालला नाही, कारण ओळखीची छाप नव्हती. १८७३ मध्ये सरकारनं मुकाट्यानं आठ रियालवरची, स्वातंत्र्याची टोपी आणि तिच्याभोवती किरणं अशी जुनी छाप परत आणली. त्याही आधी, १८६६ आणि १८६७ मध्ये, सम्राट मॅक्सिमिलियनच्या चेहऱ्याचा पेसो पाडला गेला. १९०५ च्या चलनसुधारणेत पेसोची किंमत ७५ सेंटिग्रॅम शुद्ध सोन्याशी बांधली गेली, आणि १९१० मध्ये स्वातंत्र्याच्या शताब्दीला फ्रेंच शिल्पकार शार्ल पिए यानं केलेला घोडेस्वार स्त्रीचा पेसो आला. त्याला लाडानं ‘काबायितो’ म्हणजे घोडुलं म्हणतात. अशा प्रत्येक वळणावर नमुने पाडले गेले असणार, हे लक्षात ठेवून शोध घ्यायचा. काबायितोचे १९०९ सालचे नमुने आहेत, आणि चलनी नाणी मात्र १९१० पासूनची. चलनाच्या आधीचं साल ही नमुन्याची सर्वांत सरळ खूण. लबाडीही नेमकी तिथेच होते. १९१० चे शेवटचे दोन आकडे कोरून किंवा झाळून १९०९ करता येतात, म्हणून त्या दोन आकड्यांभोवतीचं मैदान, म्हणजे छापेभोवतीची सपाट जागा, दहापट भिंगाखाली तिरक्या उजेडात पाहावं. ओरखडे, खोलगट झालेली जागा किंवा बाकीच्या मैदानाहून वेगळी चकाकी दिसली तर पुढे जाऊ नये.

आता शब्द. लिलावाच्या यादीत सगळं ‘पॅटर्न’ या एका मथळ्याखाली येतं, पण आत चार-पाच जाती असतात. नाण्यावर ‘एन्साय्यो’, ‘प्रुएबा’ किंवा ‘मुएस्त्रा’ हे स्पॅनिश शब्द आले, तर तिन्हींचा अर्थ चाचणी किंवा नमुना असाच होतो. हे शब्द नसले म्हणून नाणं नमुना नाही असं मात्र नव्हे. चलनी ठशाच्याच छापेत, पण तांबं, पितळ, कथील किंवा ॲल्युमिनियममध्ये पाडलेली चकती ही ठशाची चाचणी. दुप्पट जाडीची असेल तर पिएफोर. क्राउझच्या, म्हणजे जगभरच्या नाण्यांच्या कॅटलॉगात नमुन्याला ‘पीएन’, चाचणीला ‘टीएस’ आणि पिएफोरला नुसतं ‘पी’ असे क्रमांक असतात. याशिवाय दोन गट असे आहेत की ते नमुन्यात मोडत नाहीत, पण विकताना त्याच नावानं विकले जातात. जुन्या ठशाची पुढे काही वर्षांनी काढलेली पुनर्छाप हा एक, आणि खासगी कारागिरांनी केलेली काल्पनिक नाणी हा दुसरा. मॅक्सिमिलियनच्या नावाची, १८६५ साल घातलेली इवलीशी सोनेरी नाणी या दुसऱ्या गटातली. ती दागिन्यात ओवायला आणि पर्यटकांना विकायला केली गेली. त्यांत सोनं असेल तर सोन्याचा भाव द्यावा, नमुन्याचा देऊ नये.

पुनर्छापेचं एक उदाहरण मुद्दाम सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण त्यात डोळ्यांना चांगलं वळण लागतं. १८९८ सालचा, मेक्सिको सिटीचा, ए.एम. या पारखी-अक्षरांचा (चांदीचा कस तपासणाऱ्यांची आद्याक्षरं) पेसो १९४९ मध्ये चीनसाठी पुन्हा पाडला गेला, तोही एक कोटीहून अधिक. साल, अक्षरं, वजन सगळं तेच. फरक मागच्या बाजूच्या कडेलगतच्या मण्यांत आहे: मूळ नाण्यावर १३९, पुनर्छापेवर १३४. मोजताना नुसत्या डोळ्यांवर विसंबलात तर तीन वेळा तीन उत्तरं येतील. मोबाइलनं वरून सरळ फोटो घ्यावा, कागदावर ताटाएवढा छापावा, एका मण्यावर खूण करून दर दहाव्या मण्याला पेनानं रेघ मारावी. पाच मणी म्हणजे दोन वेगळ्या किमती.

मेक्सिकोच्या नाण्यावर टांकसाळीची खूण आणि पारख्याची अक्षरं असतात: मेक्सिको सिटीची एम वर छोटा ओ, झाकातेकासची झेडएस, ग्वानाह्वातोची जीओ, दुरांगोची डीओ. एखाद्या ‘नमुन्यावर’ अशी खूण आणि अक्षरं आली, की त्या टांकसाळीत त्या साली ती अक्षरं खरंच होती का, हे कॅटलॉगात पाहावं. नकली करणारा बहुतेक वेळा दोन नाण्यांच्या दोन बाजू जोडतो आणि इथंच फसतो.

कोकणात ही नाणी येतात कुठून? बहुतेक हल्लीच्या ऑनलाइन लिलावांतून. क्वचित जहाजावर नोकरी केलेल्या माणसाच्या लोखंडी ट्रंकेतून, नाही तर देव्हाऱ्यातल्या डबीतून, जिथं राणीछाप रुपयांसोबत एखादं परदेशी नाणंही लक्ष्मीपूजनाला मांडलं जातं. देव्हाऱ्यातल्या नाण्याला हळदीकुंकवाचे डाग असतात, दागिन्यातल्याला कडी झाळल्याची खूण. कडेवर बारा वाजण्याच्या जागी झाळाचा राखाडी ठिपका किंवा घासून सपाट केलेली जागा दिसली तर किंमत खूप उतरते, मग छाप कितीही दुर्मीळ असो. आणि गणपतीच्या आधी घरातली समई, तबक, पंचपात्र चकचकीत होतात तेव्हा हे नाणंही चिंच, राख किंवा भांड्यांच्या पावडरीनं घासलं जातं. घासलेलं नाणं परत मूळ रंगावर येत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था त्याला आकड्यातली प्रत देत नाहीत, नुसतं खरं आहे एवढं सांगून ‘डिटेल्स’ असा शेरा मारतात. घरातल्या बायामाणसांना हे आधीच सांगून ठेवावं आणि नाणं देव्हाऱ्यातून काढून वेगळं ठेवावं, त्याच्या जागी दुसरं नाणं ठेवून.

घरच्या घरी करायच्या परीक्षेत पहिली वजनाची. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागतो, सोनाराकडे असतोच. आठ रियाल किंवा पेसोचं वजन २७.०७ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त. झिजलेल्या नाण्यात थोडी घट चालते, पण नमुना हातोहात फिरलेला नसतो, त्यामुळे त्यात घट दिसली तर ती झिजेची मानू नये.

दुसरी पाण्याची, आणि ही सर्वांत कामाची. प्लास्टिकच्या हलक्या पेल्यात पाणी घेऊन काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा. नाणं बारीक तंगुसाच्या फासात अडकवून पूर्ण बुडेल पण तळाला वा बाजूला टेकणार नाही असं हातानं लोंबकळत धरा. काटा जो आकडा दाखवील तो नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचा. नाण्याच्या वजनाला त्या आकड्यानं भागलं की घनता मिळते. ९०३ कसाच्या (हजारात ९०३ भाग शुद्ध) २७.०७ ग्रॅम चांदीला आकडा २.६१ च्या आसपास यायला हवा. तितक्याच वजनाचं, वर चांदीचं पाणी दिलेलं तांबं असेल तर ३ च्या वर जाईल. पंखा बंद करा, नाही तर काटा स्थिरावत नाही. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा वाढतो आणि खरं नाणं खोटं ठरतं, म्हणून पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकावा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरू नये, ते वाळल्यावर मीठ मागे ठेवतं. डिस्टिल्ड पाणी घ्यावं, बॅटरीवाल्याकडे मिळतं. आपल्याकडे पाणी बहुधा २८ ते ३० अंशांवर असतं, त्यामुळे आलेल्या घनतेला ०.९९६ नं गुणावं. फरक लहान आहे, पण ९०३ आणि ९२५ कसात भेद करायचा तर तेवढाही लागतो, आणि त्यासाठी पाच वेळा मोजून सरासरी काढावी लागते.

दुसऱ्या धातूतल्या चाचण्यांना हेच गणित उलटं लावायचं. पेसोच्या ठशाची, तेवढ्याच जाडीची चकती तांब्यात असेल तर वजन सुमारे साडेतेवीस ग्रॅम, कथलात १९ च्या आसपास, ॲल्युमिनियममध्ये जेमतेम ७. विकणारा ‘तांब्यातला नमुना’ म्हणतो आणि वजन २७ भरतं, तर चकती जाड आहे की धातू वेगळा आहे, हे व्हर्निअरनं मोजून विचारायला हवं.

लोहचुंबकाची परीक्षा अर्धीच खरी. जोरदार नियोडिमियम चुंबक तिरप्या धरलेल्या चांदीवरून सावकाश घसरतो, पण तांब्यावरूनही तसाच घसरतो. त्यामुळे शिसं, कथील, जर्मन सिल्व्हर ओळखायला तो उपयोगी, तांब्याला चांदीपासून वेगळं करायला नाही. नाणं फरशीवर आपटून आवाज ऐकण्याची जुनी सवय मात्र सोडलीच पाहिजे. कडेला पडलेला एक पोचा काही हजारांचा असतो.

तिसरी परीक्षा कडेची, आणि नवे संग्राहक नेमकी तीच विसरतात. विक्रेत्याकडून दोन बाजूंच्या फोटोंबरोबर कडेचा पूर्ण फेरा दाखवणारा व्हिडिओ मागावा. १७७२ ते १८२१ च्या, राजाचा चेहरा असलेल्या आठ रियालवर कडेला गोल आणि चौकटी आळीपाळीनं असतात, आणि यंत्राच्या दोन पट्ट्यांनी ती कड कोरलेली असल्यामुळे समोरासमोरच्या दोन जागी नक्षी एकावर एक चढलेली दिसते. ओतीव नकलेत हा चढाव नसतो किंवा पुसट असतो आणि मधोमध जोडाची बारीक रेघ येते. काबायितोच्या चलनी पेसोच्या कडेवर ‘इन्डेपेन्डेन्सिया इ लिबेर्ताद’ अशी अक्षरं आहेत. शक्य असेल तर तुलनेसाठी एक साधं, खरं, स्वस्तातलं चलनी नाणं जवळ बाळगावं. दुर्मीळ नाण्याची पारख दुर्मीळ नाण्यानं होत नाही, त्याच्या घरच्या साध्या भावंडानं होते.

विकत घेण्याआधी एवढं केलं तरी अर्धंच काम झालं, कारण नाणं घरात आल्यावर त्याची गाठ आपल्या पावसाळ्याशी आहे. जून ते सप्टेंबर रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरातली आर्द्रताही नव्वदीच्या घरात जाते आणि किनाऱ्याच्या वाऱ्यात मीठ असतं. चांदी काळी पडते ती गंधकानं. रबर, वर्तमानपत्र, काही पुठ्ठे, लोकर यांतून गंधक येतं, आणि ओल ते काम भराभर करते. तांब्या-पितळेच्या नमुन्यांना खरी भीती क्लोराईडची. फिकट हिरवे, पिठासारखे ठिपके आले आणि पुसल्यावर पुन्हा आले, तर ती तांब्याची किड. ती घासून जात नाही. तो नग ताबडतोब वेगळा काढावा, ४० टक्क्यांखालच्या आर्द्रतेत ठेवावा, म्हणजे ती थांबते, आणि पुढचं काम जाणकाराकडून करून घ्यावं. शिशाच्या चाचणीला प्लायवूडचं कपाट खातं, त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनं पांढरी भुकटी धरते. फणसाची किंवा सागाची जुनी पेटी दिसायला सुंदर, पण तीही आम्ल सोडते. नाणी तिच्यात उघडी ठेवू नयेत.

व्यवस्था साधी आहे. प्रत्येक नाणं पॉलिस्टरच्या, म्हणजे मायलरच्या पाकिटात. मऊ, लवचीक, वास येणारी पाकिटं पीव्हीसीची असतात, त्यांतून वर्षा-दोन वर्षांत हिरवट चिकट थर उतरतो. ही पाकिटं सगळी बाहेर फेका. मग पॉलिप्रॉपिलीनचा घट्ट झाकणाचा सुमारे १० लिटरचा डबा, त्यात १५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ३५ ते ४५ च्या मधे राहील असं पाहावं. जेल नारिंगीचं हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून, थंड करून परत भरायचं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी दोन महिन्यांनी पाहिलं तरी पुरतं. डबा जांभ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंत पाणी पिते. डांबरगोळ्या नाण्यांच्या कपाटात ठेवायच्या नाहीत. आणि डबा मुसळधार पावसात उघडायचा नाही, ऊन पडलेल्या दुपारी उघडायचा.

पीव्हीसीचा थर आलाच तर शुद्ध ॲसिटोन, नखांच्या रंगाचा रिमूव्हर नव्हे. काचेच्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवावं, पुसू नये, दुसऱ्या ताज्या ॲसिटोनमधून काढून वाऱ्यावर वाळू द्यावं. खिडक्या उघड्या, आणि गॅसची शेगडी बंद. चांदीचा जांभळट-निळसर जुना रंग हा डाग नाही. तो आहे तसा राहू द्यावा, त्यालाही किंमत आहे.

आता विक्री, आणि यातली मुख्य गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याप्रमाणे शंभर किंवा अधिक वर्षं जुनं कोणतंही नाणं हे पुरावशेष आहे आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. नाणं मेक्सिकोचं आहे, परवाच परदेशातून आणलं आहे, हे कारण तिथं पुरत नाही. मेक्सिकोच्या नमुन्यांसाठी बोली लावणारे खरे लोक अमेरिकेत आणि मेक्सिकोत आहेत. म्हणजे १९०९ चा नमुना एकदा देवगडला किंवा वेंगुर्ल्याला आला की त्याचं मोठं गिऱ्हाईक त्याच्यापासून तुटलं. मुंबईच्या लिलावात त्याला मान मिळतो, भाव तितका मिळेलच असं नाही. ही रेषा दरवर्षी पुढे सरकते: आज नव्वद वर्षांचं नाणं दहा वर्षांनी तिच्यात येईल. शंभरीच्या आतलं नाणं पाठवायचं तरी ते पुरावशेष नसल्याचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला हाताशी असावा. तेव्हा जवळ ठेवण्यासाठी घ्यायचं की पुढे विकण्यासाठी, हे आयातीच्या आधी ठरवावं. विकण्यासाठी असेल तर आयात, कर आणि परकीय चलनाचा हिशेब चार्टर्ड अकाउंटंटकडून आधीच समजून घ्यावा. आपल्या संग्रहातलं एखादं नाणं विकणं वेगळं आणि पुरावशेष विकण्याचा धंदा करणं वेगळं. धंद्याला याच कायद्याखाली परवाना लागतो. घराचा पाया खणताना किंवा परसात मडकं निघालं तर तो मुळातच निराळा विषय. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांहून अधिक मोलाचं सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

नाणं जुनं आहे म्हणून रिझर्व्ह बँक लाखो रुपये देते, आधी कमिशन भरा, असे फोन येतात. रिझर्व्ह बँक असा व्यवहार करत नाही आणि तिनं तसं २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे. आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतो.

किंमत ठरवताना दोन चुका होतात. पहिली सोनाराची: तो २४.४ ग्रॅम शुद्ध चांदीचा भाव सांगतो, आणि घरचे तेवढ्यावर देऊन टाकतात. दुसरी संग्राहकाची: ‘जगात तीनच नग’ म्हणून तो आकाशाला भिडतो. तीन नग असून दोनच गिऱ्हाइकं असतील तर भाव दुसरं गिऱ्हाईक जिथं थांबतं तिथंच थांबतो. हेरिटेज किंवा स्टॅक्स बोवर्स या अमेरिकी लिलावसंस्थांच्या जुन्या लिलावांच्या नोंदी पाहाव्यात. नमुना क्वचित विकला जातो, त्यामुळे शेवटची विक्री दहा वर्षांपूर्वीची असू शकते. तेव्हापासून त्याच काळातल्या चांगल्या प्रतीच्या चलनी पेसोचा भाव किती हलला, त्या प्रमाणात अंदाज करावा. बोलीच्या आकड्यावर गिऱ्हाइकाला बऱ्याच ठिकाणी १५ ते २० टक्के जास्त द्यावे लागतात, आणि तो ते हिशेबात धरूनच बोली लावतो. विकणाऱ्याचं कमिशन वेगळं कापलं जातं, ते लेखी विचारून घ्यावं.

एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीतलं नाणं विकायला सोपं, कारण गिऱ्हाइकाला पारख स्वतः करावी लागत नाही. पण डब्यांच्याही नकला निघाल्या आहेत. प्रमाणपत्राचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर घालून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून पाहावा: ओरखडा ओरखड्याशी जुळला पाहिजे. घेताना सोबतचं बिल, लिलावाच्या यादीतलं पान, जुनं पाकीट काहीही टाकू नये. नमुन्याच्या बाबतीत तो आधी कुणाकडे होता हा पुरावा धातूइतकाच मोलाचा.

नोंदवहीत प्रत्येक नगाला एक पान असावं: वजन, व्यास, जाडी, पाण्यातला आकडा, दोन्ही बाजू आणि कड यांचे फोटो, कुठून, कधी, किती रुपयांना. फोटोसाठी ढगाळ दिवसाचा खिडकीचा उजेड छान, त्यात चकाकी भाजत नाही. विकताना हेच पान बिलाला जोडावं, आणि नाणं खरं न ठरल्यास किती दिवसांत परत घेणार तेही त्याच बिलावर लिहावं. पंधरा दिवस रास्त आहेत. पाठवताना मायलरचं पाकीट दोन पुठ्ठ्यांमध्ये चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बांधून, हलवल्यावर आवाज येत नाही याची खात्री करावी. पावसाळा असेल तर ते सगळं झिपच्या पिशवीत सिलिकाच्या पुडीसह, मग डब्यात, आणि विमा उतरवल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही.